रिकामं गाव, उपस्थिती शंभर टक्के

जगदाळे साहेब जीपमधून उतरले, त्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि मला विचारलं, "परब, माणसं कुठायत?"

मीही चारी बाजूंना पाहिलं. साहेबांनी पाहून झालेल्या बाजू मी पुन्हा पाहण्यात काही अर्थ नव्हता, पण हाताखालच्या माणसाला ते करावं लागतं. सकाळचे साडेदहा वाजले होते. घरांची दारं बंद होती. गोठ्यात गुरं नव्हती. अंगणात कोंबडी नव्हती. एरवी आमच्या भागात सरकारी जीप आली की आधी कुत्रे धावत येतात, मग पोरं आणि शेवटी सरपंच. त्या दिवशी तिघांपैकी कुणीच आलं नाही.

"सगळे केंद्रावर जमले असतील, सर," मी म्हणालो. "उत्साही गाव आहे."

आता केंद्र कसलं, ते सांगतो. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचा जिल्हा रत्नागिरीतून वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी तालुक्याच्या कचेरीत विस्तार अधिकारी होतो. नाव भारदस्त आहे. काम एवढंच, की वरून आलेली योजना खाली गावात पोचवायची आणि गावातून आलेली तक्रार वर पोचवायची. योजना पोचायला वर्ष लागे, तक्रार त्याच एसटीने परत येई.

त्या वर्षी एक नवीच योजना आली. साठीच्या पुढच्या माणसांनी घरात कुढत बसू नये, खेळावं, गावं-वाजवावं, म्हणून गावोगाव 'वृद्ध क्रीडा व कला केंद्र' काढायचं. अनुदान दोन हप्त्यांत. पहिला हप्ता क्रीडेचा, दुसरा कलेचा. क्रीडेचं साहित्य वापरात असल्याची जिल्ह्याच्या साहेबांनी स्वतः खात्री केली, तरच कलेचा हप्ता सुटणार. म्हणजे आधी पळून दाखवा, मग गाऊ देतो.

आमच्या तालुक्याला सुरुवातीला एकच केंद्र मिळणार होतं. मी मसुऱ्याकडून तोंडवलीकडे जाताना लागणाऱ्या एका खाडीकाठच्या गावाची शिफारस केली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती माझी सासुरवाडी आहे. माझे सासरे, आपा, निवृत्त शाळामास्तर. तेच केंद्राचे अध्यक्ष झाले. हे सगळं नियमात बसत होतं. बसत नव्हतं एवढंच, की जगदाळे साहेबांना मी हे नातं सांगितलं नव्हतं.

पहिल्या हप्त्याचं साहित्य जिल्ह्याहून खोक्यांतून आलं. तरुण मंडळांच्या योजनेची जुनी यादी काढून तिच्यावरचा 'तरुण' शब्द कुणीतरी खोडला असावा. एक कॅरम बोर्ड, एक व्हॉलीबॉल आणि त्याचं नेट, बॅडमिंटनच्या चार रॅकेटी, उड्या मारायच्या सहा दोऱ्या आणि डंबेल्सच्या दोन जोड्या. व्हॉलीबॉलमध्ये हवा भरायचा पंप यादीत नव्हता.

मी उद्‌घाटनाला जनाकाकीच्या हातात दोरी दिली. जनाकाकी सदुसष्ट वर्षांची. तिने दोरी ताणून पाहिली आणि म्हणाली, "जावयांनू, ह्येच्यावरसून उडी मारलंय तर माजी हाडा कोण येचतलो? तुमी?"

साहित्य कपाटात गेलं. माणसं मात्र केंद्रावर रोज यायला लागली. ती पेपर वाचायला, गजाली म्हणजे गप्पा करायला आणि भजनाला. भजनातच खरी अडचण होती, आणि ती दाजींची होती.

दाजी शहात्तर वर्षांचे. गावचे पखवाजी. त्यांचे दोन्ही हात थरथरत. कपातला चहा बशीत आणि बशीतला धोतरावर. पण हेच हात पखवाजावर पडले की थरथर जात असे. असं का होई, ते मालवणच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात खाडीचं पाणी घरात शिरलं आणि पखवाज दोन दिवस त्या पाण्यात राहिला. चामडं गेलं, खोडाला चीर गेली. तेव्हापासून दाजी भजनाला यायचे आणि हात मांडीखाली दाबून बसायचे. कुणाच्या नजरेला थरथर पडू नये म्हणून.

कलेच्या हप्त्यात आम्ही एकच वस्तू मागितली होती. पखवाज.

म्हणून ही तपासणी पार पडणं भाग होतं. मी तयारी केली होती. आपांना पत्र धाडलं होतं: गुरुवारी साहेब येणार, पुरुषांनी कॅरमभोवती बसावं, बायकांनी रॅकेटी हातात धरून हसतमुख राहावं, डंबेल्स निदान कपाटाबाहेर काढून ठेवावीत. तपासणीचं प्रपत्र, म्हणजे डावीकडे छापील प्रश्न आणि उजवीकडे रिकामी चौकट असलेला कागद, ते मी कार्बन घालून तीन प्रतींत आधीच निम्मं भरलं होतं. एवढी तयारी मी स्वतःच्या लग्नाचीही केली नव्हती.

आणि आता गावात माणूस नव्हतं.

केंद्र म्हणजे जुन्या शाळेची एक खोली. दाराला कुलूप. वर पाटी झळकत होती. साहेबांनी खिडकीच्या गजांना नाक लावून आत पाहिलं.

"कपाट उघडंय," ते म्हणाले. "आत काही नाही."

मीही नाक लावलं. कपाट उघडं होतं. आत काही नव्हतं. कॅरम नाही, नेट नाही, डंबेल्स नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच मला डंबेल्स पाहायची तीव्र इच्छा झाली.

जगदाळे साहेब घाटावरचे, साताऱ्याकडचे. माणूस सरळ. त्यांचा एकच नियम होता आणि तो सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'होय' लिहायचं नाही. लोक यालाच घाबरत.

"परब, साहित्य गायब, लाभार्थी गायब. मी काय लिहू?"

"सर, जरा थांबू या."

"कुणासाठी? इथं वाट पाहायलासुद्धा कुणी नाही."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. पेनाचं टोपण फिरताना मला दाजींचे हात दिसले. खरं सांगायचं तर त्याच वेळी माझी बदली कुठे होईल तेही दिसलं. सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव, जिथे जाणारी एसटी आठवड्यातून दोनदा रद्द होते.

एवढ्यात आमचा ड्रायव्हर बाबल जीपमधून खाली उतरला. बाबल मसुऱ्याचा. तो इतका वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसला होता. त्याने एकदा बंद दारांकडे पाहिलं, एकदा रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं आणि हळूच मला म्हणाला, "परबांनू, ह्या गावाची आज गावपळण तर नाय मां?"

मी केंद्राच्या पायरीवर बसलो. मला सोमवारची संध्याकाळ आठवली. मी जमिनीवर प्रपत्रं पसरून बसलो होतो. माझी बायको सुलभा हातात पोस्टकार्ड घेऊन आली.

"आपांचा कार्ड इला असा. देवान कौल दिल्यान. बुधवारपासून आमचो गाव पळतलो. आयकतास मां?"

"हं."

"मगे गुरवारी तुमी थंय कोणाक तपासतलास?"

"बरं," मी म्हणालो होतो, आणि कार्बन सरळ केला होता.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे मोजक्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. गावदेवाला कौल लावतात, म्हणजे विचारतात. देवाने होकार दिला की ठरल्या दिवशी अख्खं गाव घरं सोडून शिवेबाहेर जातं. तीन दिवस आणि तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, आजारी, बाळंतिणी, सगळी. गावात दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही. तीन दिवसांनी पुन्हा कौल घ्यायचा आणि मगच परतायचं. कारण विचाराल तर दहा माणसं अकरा कारणं सांगतील. पण मोडत कुणी नाही. घराला साधी कडी लावून जातात आणि चोरी झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे गाव मोकळं करून सगळे शिवेबाहेर गेलेत. आणि आत पाऊल टाकायचं नाही."

"हो, सर."

"आणि आपण आता कुठे उभे आहोत?"

मी खाली पाहिलं. आम्ही गावाच्या मधोमध उभे होतो.

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. बाबलने हॉर्न न वाजवता जीप वळवली. एवढ्या हळू जीप चालवताना मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

शिवेवर एक व्हाळ आहे, म्हणजे ओढा. पलीकडे शेजारच्या गावाचा मळा आणि काजूची झाडं. जीप व्हाळ ओलांडून वर चढली आणि आवाजच आवाज झाला. झावळ्यांच्या शंभरेक खोपी. चुलींचा धूर, हंबरणारी गुरं, ओरडणारी पोरं. शाळेला सुट्टी, कामाला सुट्टी. गावातले दोन भाऊबंद, जे दहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, ते शेजारशेजारच्या खोपीत एकाच चुलीवर चहा करत होते, कारण काडेपेटी एकाचीच कोरडी राहिली होती.

आपा पुढे आले. आपांच्या घराण्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आहे. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने देवाला केलेली विनंती. त्यामुळे त्या तीन दिवसांत आपा कलेक्टरांपेक्षा मोठे होते. जीप ज्या वाटेने आली तिकडे त्यांनी पाहिलं.

"जावयांनू, तुमी खंयसून इलास?"

"तसं बघायला गेलं तर..."

"गावातसून इलास?"

आजूबाजूचा आवाज थांबला. जनाकाकीने कपाळावर हात मारला. "अरे देवा, सुलभान सांगूक नाय?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मगे?"

मी प्रपत्रातला कार्बन सरळ केला. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी आपल्या नवऱ्याबद्दल म्हणालं, "आमच्या घोवाची पण तीच गत." त्यावर बराच वेळ हसणं चाललं. त्या हसण्यानेच माझी अर्धी सुटका केली.

उरलेली अर्धी आपांनी केली. साहेबांकडे वळून ते मास्तरांच्या शुद्ध मराठीत म्हणाले, "आपण पाहुणे आहात. नकळत झालं. पण रीत आहे. एक गाऱ्हाणं घालावं लागेल. आपली हरकत नाही ना?"

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "माझं काही चुकलं असेल तर घाला."

काजूच्या झाडाखाली सगळे उभे राहिले. आपांनी गावाच्या दिशेला तोंड केलं आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मळा म्हणाला.

"तुज्या आज्ञेन सगळो गाव शिवेभायर इलो असा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो घाटावरचो सायब आणि ह्यो आमचो जावय चुकान तुज्या रिकाम्या गावात शिरले! एक परको असा, दुसरो येडो असा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"तेंची चूक पोटात घाल! आणि सायबाच्या हातात जो काय कागद असा, तो बऱ्या मनान भरूची बुद्धी तेका दी!"

"व्हय म्हाराजा!"

साहेबांनी हात जोडले होते. झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "परब, नमुना आपल्यासारखाच आहे. आधी प्रति, मग विषय, मग विनंती. फक्त उत्तर ताबडतोब मिळतं." मग टोपी घालून म्हणाले, "पण कागद मी डोळ्यांनी पाहूनच भरणार. साहित्य कुठंय?"

आपांचा चेहरा उजळला. "साहित्य? सगळं इथेच आहे. गाव सोडताना लागणारं सामान घेऊनच निघतो आम्ही."

आणि तपासणी सुरू झाली. साहेब प्रपत्र घेऊन पुढे, मी मागे, आपा वाट दाखवायला.

पहिलं नेट. ते चार काठ्यांना बांधून गोल उभं केलं होतं आणि आत गावभरच्या कोंबड्या होत्या.

"हे व्हॉलीबॉलचं नेट," साहेब म्हणाले.

"होय. फार उपयोगी. आत कोल्हा येत नाही," आपा म्हणाले.

डंबेल्स ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांवर ठेवली होती. वारा सुटला होता, पण ताडपत्री हलत नव्हती. दोऱ्यांपैकी चार शेळ्यांच्या गळ्यात होत्या आणि उरलेल्या दोहोंचा मिळून एक पाळणा झाला होता. पाळण्यातलं मूल छान झोपलं होतं. रॅकेटी घेऊन चार म्हाताऱ्या वाळत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलत होत्या. त्यांतल्या एकीचा बॅकहँड असा होता की साहेब दोन पावलं मागे सरले.

कॅरम बोर्डभोवती चार म्हातारे बसलेले पाहून माझा जीव भांड्यात पडला. जवळ जाऊन पाहिलं तर बोर्डवर पत्ते.

"कॅरम का नाही खेळत?" साहेबांनी विचारलं.

एकाने पत्त्यांतून डोकं न काढता उत्तर दिलं, "सोंगट्ये घराकडे ऱ्हवले. आता तीन दिवस थंय जावक गावाचा नाय."

साहेब थांबले. प्रपत्र बंद केलं. "परब, वस्तू सगळ्या आहेत, हे मी मानतो. वापरात आहेत, हेही मानतो. पण ही योजना क्रीडेची आहे. शेळी बांधणं ही क्रीडा नाही."

मी आपांकडे पाहिलं. आपांनी शेळ्यांकडे पाहिलं. तेव्हा मागून जनाकाकी म्हणाली, "क्रीडा म्हंजे काय ता?"

"खेळ," मी म्हणालो.

"मगे असा सांगा नाय. सायबांनू, हयसर येवा."

खोपींच्या पाठी मोकळी जागा होती. तिथे सात चपट्या खापऱ्या एकावर एक रचलेल्या होत्या. लगोरी. आणि चेंडू म्हणून तोच व्हॉलीबॉल. पंप नसल्यामुळे त्यातली हवा निम्म्यावर आली होती. तरुणांच्या हातात तो फुकट गेला असता. म्हाताऱ्यांना बरोबर झाला: हातात मावे, लांब पळत नसे आणि लागला तर दुखत नसे. एरवी गावात हे कुणी खेळलं नसतं. सुना बघतात, नातवंडं हसतात. पण गावपळणीत सगळ्यांनाच सगळं माफ. पासष्ट-सत्तरच्या बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. काष्टे खोचलेले, पदर बांधलेले.

"पुरुषांत एक गडी कमी असा," जनाकाकी म्हणाली. "सायबांची उमर काय?"

"चोपन्न."

"साठीच्या आतलो असा. पण चलात. घ्या तेका."

मी सांगायला निघालो होतो की सर तपासणी अधिकारी आहेत, ते खेळत नाहीत. पण सरांनी प्रपत्र माझ्या हातात देऊन बाह्या सारल्याही होत्या. त्यांनी पहिल्याच फेकीत लगोरी पाडली. पुरुषांनी आरडाओरडा केला. साहेब खापऱ्या रचायला वाकले. चौथी खापरी ठेवतात न ठेवतात तोच जनाकाकीचा चेंडू त्यांच्या पाठीत बसला. थप्प असा ओला आवाज झाला. टोपी उडून कोंबड्यांच्या नेटात गेली.

"आऊट!" सगळ्या म्हाताऱ्या ओरडल्या.

"मी खाली वाकलो होतो. हे चालत नाही," साहेब म्हणाले.

"आमच्या गावात चलता."

"हे तुमचं गाव नाही. शिवेबाहेर आहे."

जनाकाकीने चेंडू उचलून काखेत घेतला. मग म्हणाली, "गाव म्हंजे माणसा. माणसा हय असत." साहेब बाहेर जाऊन उभे राहिले. नंतर कळलं, त्यांची आई साताऱ्याच्या घरी एकटी असे, दिवसभर खिडकीत. ते त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितलं, एवढंच एक वाक्य.

खेळ आटोपला आणि सगळे काजूखाली येऊन बसले. दाजी तिथे होते. चालवत नाही म्हणून त्यांना खुर्चीसकट उचलून व्हाळापार आणलं होतं. हात नेहमीसारखे मांडीखाली.

साहेब घाम पुसत म्हणाले, "क्रीडा पाहिली. कलेचं काय?"

आपांनी टाळ उचलले. कुणीतरी खोपीतून भाताचा मोठा टोप आणला, रिकामा, आणि उपडा करून दाजींच्या पुढ्यात ठेवला. दाजींनी मांडीखालून हात काढले. ते इतके थरथरत होते की साहेबांनी नजर वळवली. मग आपांनी अभंगाचा पहिला सूर लावला, दाजींचा पंजा टोपाच्या बुडावर पडला, आणि थरथर गेली.

मी दाजींना टोपावर वाजवताना पहिल्यांदाच ऐकत होतो. आवाज टोपाचाच होता, खोटं कशाला सांगू. पण बोल स्वच्छ होते. साहेबांची मान हलायला लागली. दुसरं कडवं झालं, लय वाढली, आपांचा आवाज वर चढला, दाजींनी डोळे मिटले, आता समेवर येणार, एवढ्यात जनाकाकी चुलीकडून हाक मारत आली.

"दाजी, टोप सोड. आदण येवक व्हया. भात कधी घालू?"

दाजींनी हात उचलले. भजन जिथे होतं तिथे थांबलं. कुणी रागावलं नाही, कुणाला नवल वाटलं नाही. कालपासून हेच चाललं होतं. जनाकाकी टोप उलटा करून घेऊन गेली. दाजींनी हात पुन्हा मांडीखाली घातले.

"असं प्रत्येक वेळी?" साहेबांनी विचारलं.

"भात दोनदा होता," दाजी म्हणाले. "मधल्या येळेक टोप गावता माका. घासून झालो की."

साहेबांनी माझ्याकडे हात केला. मी प्रपत्र दिलं. ते काजूच्या बुंध्याला टेकून बसले आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचून भरायला लागले.

"लाभार्थी उपस्थिती. परब, मंजूर किती?"

"चाळीस, सर."

"आपा, इथे किती?"

"चाळीस. जाणार कुठे?"

"शंभर टक्के," साहेबांनी लिहिलं. "जिल्ह्यात कुठेच साठच्या वर नाही. पुढे. क्रीडा साहित्य वापरात आहे काय?" त्यांनी कोंबड्यांकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, पाठ चोळली. "होय. केंद्राची जागा हवेशीर आहे काय?"

वरून काजूचं एक पान त्यांच्या कागदावर पडलं.

"होय. पुरेसा उजेड आहे काय? होय. शेजाऱ्यांची तक्रार आहे काय?"

"सगळे शेजारी इथेच आहेत," आपा म्हणाले.

"नाही. तपासणी अधिकाऱ्याचा अभिप्राय." इथे त्यांनी जनाकाकीकडे पाहिलं आणि लिहिलं: 'खेळाडूंचा नेम चांगला आहे. दुसरा हप्ता विनाविलंब द्यावा.' सही केली आणि मला विचारलं, "ह्यातलं काही खोटं आहे?"

"नाही, सर."

"मग चला. नाही, थांबा. भात होतोय म्हणाल्या ना त्या?"

आम्ही जेवूनच निघालो. निघताना आपांनी साहेबांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "सुलभाक सांगा, सगळा बऱ्यापैकी झाला." साहेबांनी विचारलं, "सुलभा कोण?" मी म्हणालो, "माझी बायको, सर." ते म्हणाले, "आणि आपांची?" मी म्हणालो, "मुलगी, सर." साहेब बाबलकडे वळून म्हणाले, "चल." बस, एवढंच. त्यांनी ते कुठे लिहिलं नाही, कारण तसा प्रश्न प्रपत्रात नव्हता.

मात्र त्या शंभर टक्क्यांनी वरच्या कचेरीत खळबळ उडवली. पंधरा दिवसांत परिपत्रक आलं: 'गावाबाहेर मुक्काम केल्यास वृद्धांची उपस्थिती वाढते असे निदर्शनास आले असून, सर्व केंद्रांनी तीन दिवसांचा मुक्काम गावाबाहेर करावा.' ते घेऊन मी नव्या केंद्रासाठी सुचवलेल्या एका गावात गेलो, तर तिथले एक आजोबा काठी उगारून अंगावर आले. "पोरांनी घराभायर काढूक नाय, तो तू काढतंस?" परिपत्रक मी फाइलमध्ये खाली सरकवून ठेवलं. अशा कामाला आम्ही 'कार्यवाही चालू आहे' म्हणतो.

पखवाज होळीच्या सुमारास आला. खोका उघडायला सगळं केंद्र जमलं. दाजींनी पखवाज मांडीवर घेतला, दोन्ही बाजूंना बोटं लावून पाहिली आणि म्हणाले, "कणीक व्हयी."

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापतात, तेव्हाच तो घुमतो. वाजवून झालं की कणीक काढायची, पुढच्या वेळी नवी. आमच्याकडे घरोघर तांदूळ. गव्हाचं पीठ शोधावं लागतं. मी मालवणहून दोन किलो मागवलं आणि किरकोळ खर्चात टाकलं. दाजींनी कणीक मळून लावली, थाप दिली, आणि जनाकाकी चुलीकडे नसल्यामुळे ह्या वेळी भजन शेवटपर्यंत गेलं. दोन तास. दाजींचे हात त्या दिवशी घरी जाईपर्यंत थरथरले नाहीत, असं त्यांची सून सांगते.

चार महिन्यांनी हिशेब तपासणाऱ्यांची शंका आली. 'योजनेत खाद्यपदार्थांस मंजुरी नसताना गव्हाचे पीठ खरेदी केल्याचे दिसते. सदर पीठ कोणत्या लाभार्थ्याने खाल्ले, त्याचे नाव व वय कळवावे.'

माझा वरिष्ठ म्हणाला, "काहीतरी सांभाळून लिही. अडकशील."

मी जगदाळे साहेबांना आठवलं आणि जे होतं ते लिहिलं: 'पखवाज. वय चार महिने.'

त्यावर पुन्हा काही विचारणा झाली नाही. सरकारी नोकरीत खोटं उत्तर दिलं की दहा प्रश्न येतात. खरं दिलं तर पुढे काय विचारायचं ते कुणालाच सुचत नाही.